जोखमीच्या मताची वर्गणी

२१ मार्च २०१०, रविवार. वॉशिंग्टनमध्ये रात्र झाली होती आणि अमेरिकी प्रतिनिधिगृहात आरोग्य विम्याच्या कायद्यावर मतं पडत होती. बाजूने २१९, विरोधात २१२. चार माणसं इकडून तिकडे गेली असती तर कायदा पडला असता. बाजूने मत देणाऱ्यांत असे काहीजण होते, ज्यांच्या मतदारसंघांनी दीड वर्षापूर्वी ओबामांऐवजी जॉन मॅकेन यांना कौल दिला होता. व्हर्जिनियाच्या पाचव्या मतदारसंघातले टॉम पेरिएलो तर २००८ मध्ये अवघ्या ७२७ मतांनी निवडून आले होते. असा माणूस ‘हो’ म्हणतो तेव्हा त्या ‘हो’पायी आपली खुर्ची जाऊ शकते, हे त्याला नीट ठाऊक असतं.

त्या दिवसांत, त्या मतदारसंघांशी काडीचा संबंध नसलेल्या लोकांनी अशा प्रतिनिधींच्या प्रचारनिधीला पाच, दहा, पंचवीस डॉलर पाठवले. याला मराठीत नेमका शब्द आहे : वर्गणी. देणगी देणाऱ्याच्या ऐपतीवर मोजली जाते, वर्गणी देणाऱ्यांच्या संख्येवर. मला ही प्रथा लोकशाहीतली फार मोलाची गोष्ट वाटते. तिच्याबद्दल इकडे पुण्या-मुंबईत आणि तिकडे न्यू जर्सीतल्या मराठी घरांतही जे बोललं जातं, त्यात बरंच चुकीचं असतं. म्हणून हा लेख.

गैरसमज : पक्षाने व्हीप काढला की मत द्यावंच लागतं, त्यात जोखीम कसली?

हा समज आपल्याकडच्या अनुभवातून आलेला आहे. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावं परिशिष्ट आलं, आणि तेव्हापासून पक्षादेशाविरुद्ध मत दिलं किंवा गैरहजर राहिलं, तर आमदार-खासदाराचं सदस्यत्व जाऊ शकतं. त्यामुळे सभागृहातलं मत म्हणजे पक्षाचं मत, हे आपण गृहीतच धरतो.

अमेरिकेत असा कायदा नाही. तिथेही ‘व्हीप’ हे पद आहे, पण त्या माणसाचं काम मनधरणीचं आणि मोजदादीचं. पक्ष नाराज होईल, चांगली समिती देणार नाही, पण सदस्यत्व काढून घेऊ शकत नाही. त्या रात्री ३४ डेमोक्रॅट आपल्याच अध्यक्षांच्या सर्वांत मोठ्या विधेयकाविरुद्ध गेले आणि दुसऱ्या दिवशी सगळे आपापल्या जागेवर होते. म्हणजे बाजूने मत देणाऱ्यालाही ‘नाही’ म्हणायची मोकळीक होती. ती असूनही त्याने पुढच्या निवडणुकीतला पराभव अंगावर ओढवून घेतला, म्हणून त्या मताला जोखमीचं मत म्हणायचं.

याचं जुनं उदाहरण ५ ऑगस्ट १९९३ चं. क्लिंटन यांच्या अर्थसंकल्पावर प्रतिनिधिगृहात २१८ विरुद्ध २१६ असा निकाल लागला. पेनसिल्व्हेनियाच्या मार्जरी मार्गोलिस-मेझविन्स्की या पहिल्यांदाच निवडून आलेल्या सदस्य. सधन, रिपब्लिकन वळणाच्या उपनगरांतून आलेल्या. त्यांनी अगदी शेवटी बाजूने मत दिलं, तेव्हा समोरच्या बाकांवरून ‘गुडबाय मार्जरी’चा घोष झाला. पुढच्याच वर्षी त्या हरल्या. देशभरात त्यांचं कौतुक वाटणारे हजारो लोक असतील. पण त्या कौतुकाची रात्रीतून वर्गणी होण्याची सोय १९९३ मध्ये नव्हती. ती यायला आणखी अकरा वर्षं लागली : २००४ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज इथे ‘ॲक्टब्लू’ सुरू झालं. कार्डाने भरलेले पाच डॉलरही थेट त्या उमेदवाराच्या खात्यात पोहोचवायचे आणि वाटेत ३.९५ टक्के खर्चापोटी घ्यायचे, इतकंच त्याचं काम. एकाच पानावर दहा-बारा उमेदवारांची यादी लावून एका रकमेची त्यांच्यात वाटणीही करता येते.

गैरसमज : मत दिल्याबद्दल पैसे म्हणजे लाचच

ही शंका मला रास्त वाटते आणि ती उडवून लावू नये. मतदान आणि पैसा एका वाक्यात आले की सावध व्हायलाच हवं.

लाच म्हणजे सौदा : तू हे कर, मी ते देतो. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने १९९१ च्या मॅकॉर्मिक खटल्यात प्रचारनिधीबाबत हीच कसोटी लावली. अमुक अधिकृत कृतीच्या बदल्यात अमुक रक्कम, असं उघड वचन असेल तरच तो गुन्हा. ज्याचं काम आवडलं त्याच्या प्रचाराला मदत करणं हे निवडणुकीच्या राजकारणातलं रोजचं वागणं आहे. वर्गणीच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी आहेत. एक, रकमेला मर्यादा. २०१० च्या निवडणुकीत एका व्यक्तीला एका उमेदवाराला एका निवडणुकीसाठी जास्तीत जास्त २,४०० डॉलर देता येत होते; पक्षाचा उमेदवार ठरवणारी प्राथमिक फेरी वेगळी, मुख्य निवडणूक वेगळी. दोन, हा पैसा प्रतिनिधीच्या खिशात जात नाही, प्रचार समितीच्या खात्यात जातो, आणि घरखर्चाला वापरता येत नाही. पंचवीस डॉलर देणाऱ्या दहा हजार लोकांपैकी एकालाही त्या प्रतिनिधीला फोन करून ‘माझं एक काम होतं’ म्हणता येत नाही. माझ्या मते वर्गणीचं सगळं सौंदर्य इथेच आहे.

मात्र याच पद्धतीचा एक दुसरा प्रकार आहे आणि तो मला अस्वस्थ करतो. २०१८ मध्ये ब्रेट कॅव्हनॉ यांच्या सर्वोच्च न्यायालयावरच्या नेमणुकीच्या वेळी, मेन राज्याच्या सिनेटर सुझन कॉलिन्स यांच्याविरुद्ध एक निधी उभारला गेला. त्यांनी कॅव्हनॉ यांच्या बाजूने मत दिलं तरच लोकांच्या कार्डावरून पैसे कापले जाणार, आणि ते २०२० मधल्या त्यांच्या प्रतिस्पर्ध्याला मिळणार. हा प्रतिस्पर्धी कोण, हे तेव्हा ठरलेलंही नव्हतं. कॉलिन्स यांनी याला लाचेचा प्रयत्न म्हटलं. कायद्याच्या अर्थाने मला ते पटत नाही, कारण त्यांना स्वतःला काहीच देऊ केलेलं नव्हतं. पण मत पडायच्या आधी अट घालून जमवलेला पैसा आणि मत पडल्यावर कृतज्ञतेने दिलेला पैसा, यांची जात वेगळी आहे. पहिल्यात धाक असतो. कॉलिन्स यांनी ६ ऑक्टोबरला बाजूने मत दिलं आणि सुमारे ४० लाख डॉलर त्या निधीत जमले. या पैशाचं पुढे काय झालं, ते खाली येईलच.

गैरसमज : ज्यांना वर्गणी मिळाली ते हरलेच, म्हणजे पैसे पाण्यात गेले

आता खऱ्या दुखऱ्या जागेकडे येऊ.

नोव्हेंबर २००९ मध्ये आरोग्य विधेयकाच्या आधीच्या रूपाला विरोध करून मार्च २०१० मध्ये ‘हो’ म्हणणारे आठ डेमोक्रॅट होते. त्यांतले ब्रायन बेअर्ड आणि बार्ट गॉर्डन निवृत्त होणार होते, डेनिस कुसिनिच यांची जागा सुरक्षित होती. उरले पाच : ओहायोचे जॉन बोचेरी, फ्लोरिडाचे ॲलन बॉइड आणि सुझान कोस्मास, कोलोरॅडोच्या बेट्सी मार्की, न्यूयॉर्कचे स्कॉट मर्फी. नोव्हेंबर २०१० मध्ये हे पाचही हरले. पेरिएलोही हरले, स्वतः ओबामा शेवटच्या आठवड्यात शार्लट्सव्हिलला येऊन त्यांच्यासाठी सभा घेऊन गेले होते, तरीही. डेमोक्रॅटांच्या एकूण ६३ जागा कमी झाल्या.

त्या मताने नुकसान केलंच नाही, असं सांगून मी वाचकाची फसवणूक करणार नाही. ब्रेंडन नायहन आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, बाजूने मत देणाऱ्यांना मतांमध्ये लक्षणीय फटका बसल्याचं दिसतं. पण दुसरी बाजूही मोजायला हवी, आणि ती सहसा कोणी मोजत नाही. विरोधात मत दिलेल्या ३४ डेमोक्रॅटांपैकी ३० जण पुन्हा आपल्याच जागेसाठी उभे होते. त्यांतले १७ हरले. मिसूरीचे आइक स्केल्टन १९७७ पासून सभागृहात होते आणि संरक्षण समितीचे अध्यक्ष होते. ‘नाही’ म्हणूनही गेले. टेक्ससचे चेट एडवर्ड्स, मिसिसिपीचे जीन टेलर, आयडाहोचे वॉल्ट मिनिक, सगळ्यांनी ‘नाही’ म्हटलं होतं आणि सगळे गेले. बेकारी ९ टक्क्यांच्या वर होती, आणि अशा वर्षी सत्ताधारी पक्षाचा माणूस घाबरून मागे सरला म्हणून मतदार त्याला सोडत नाही.

माझं म्हणणं इथूनच सुरू होतं. ‘नाही’ म्हणून हरलेल्याच्या हाती काय राहिलं? ‘हो’ म्हणून हरलेल्याच्या मागे एक कायदा राहिला. २०१६ पर्यंत सुमारे दोन कोटी लोकांना नव्याने विमा मिळाला होता. आधीपासून आजार आहे म्हणून विमा नाकारणं बंद झालं. मुलांना वयाच्या २६ व्या वर्षापर्यंत आई-वडिलांच्या विम्यावर राहता येऊ लागलं. २०१७ मध्ये तो कायदा मोडीत काढायचा प्रयत्न सिनेटमध्ये ४९ विरुद्ध ५१ मतांनी फसला आणि निर्णायक मत जॉन मॅकेन यांचं होतं. पेरिएलोंच्या मतदारसंघाने ज्यांना कौल दिला होता तेच मॅकेन, त्या रात्री स्वतःच्या पक्षाविरुद्ध उभे.

शिवाय ‘पैसे मिळाले आणि हरले’ यातून पैशाचा परिणाम काढणं हे गणितच चुकतं. राज्यशास्त्रज्ञ गॅरी जेकबसन यांनी १९७८ मध्येच दाखवून दिलं होतं की विद्यमान सदस्य जितका जास्त खर्च करतो तितकी त्याची कामगिरी वाईट दिसते. कारण सोपं आहे : ज्याची जागा धोक्यात, तोच जास्त जमवतो आणि जास्त खर्च करतो. अतिदक्षता विभागात मृत्यू जास्त होतात म्हणून तिथल्या डॉक्टरांना कोणी दोष देत नाही. जोखमीच्या मताची वर्गणी ही नेमकी त्याच विभागातल्या रुग्णांसाठी असते. तिच्याकडून शंभर टक्के यशाची अपेक्षा ठेवली तर आपण ती सुरक्षित जागांना देऊ लागू, आणि मग ती देण्यात काही अर्थच उरणार नाही.

तिचा खरा उपयोग पुढच्या मतदानाला होतो. सभागृहात बसलेला प्रत्येक डळमळीत सदस्य बघत असतो : ज्याने धाडस केलं त्याच्यामागे कोणी उभं राहिलं का, की टाळ्या वाजवून सगळे घरी गेले?

गैरसमज : सुपर पॅकच्या कोटींपुढे पंचवीस डॉलरची काय मातब्बरी?

२०१० हे वर्ष इथे फार महत्त्वाचं आहे. सिटिझन्स युनायटेड खटल्याचा निकाल २१ जानेवारीला आला आणि कंपन्यांना व संघटनांना निवडणुकीत स्वतंत्रपणे खर्च करायची मोकळीक मिळाली. २६ मार्चला, म्हणजे आरोग्य कायद्याच्या मतदानानंतर पाचच दिवसांनी, स्पीचनाऊ खटल्याचा निकाल लागला आणि त्यातून सुपर पॅक, म्हणजे अमर्याद देणग्या घेऊन उमेदवारापासून स्वतंत्रपणे खर्च करणाऱ्या समित्या, जन्माला आले. ज्यांनी २१ मार्चला मत दिलं, त्यांच्यावर हे नवं अस्त्र सर्वांत आधी आलं.

पण अमेरिकी प्रसारण कायद्यात एक तरतूद आहे, तिच्याविषयी वर्गणी देणाऱ्यांनाही क्वचितच माहिती असते. प्राथमिक फेरीच्या आधीचे ४५ दिवस आणि मुख्य निवडणुकीच्या आधीचे ६० दिवस, टीव्ही-रेडिओ केंद्रांना उमेदवाराच्या जाहिरातीला आपला सर्वांत कमी दर लावावा लागतो. ही सवलत उमेदवाराला आहे, सुपर पॅकला नाही. सुपर पॅक बाजारभावाने वेळ घेतं, आणि ऐन हंगामात तो भाव कित्येक पट चढतो. म्हणजे उमेदवाराच्या खात्यात गेलेला तुमचा डॉलर समोरच्या धनाढ्याच्या डॉलरपेक्षा जास्त सेकंद विकत घेतो. जाहिरातीत काय बोलायचं, हेही उमेदवारच ठरवतो.

गैरसमज : कधी दिले, कोणाला दिले, याने फरक पडत नाही

फरक फक्त यानेच पडतो, असं म्हणण्यापर्यंत मी आलो आहे.

१९८५ मध्ये एलन माल्कम यांनी स्त्री उमेदवारांसाठी ‘एमिलीज लिस्ट’ सुरू केली. हे एमिली कोणा बाईचं नाव नाही. ‘लवकर आलेला पैसा यीस्टसारखा असतो’ अशा अर्थाच्या इंग्रजी वाक्यातल्या आद्याक्षरांनी बनलेला तो शब्द आहे. आपण म्हणू, विरजण. दूध कोमट असताना चमचाभर पुरतं. फ्रिजमध्ये गार झालेल्या दुधात वाटीभर घातलं तरी दही लागत नाही. उमेदवारांना दर तिमाहीचा हिशेब द्यावा लागतो. मार्चअखेरचा हिशेब १५ एप्रिलपर्यंत जाहीर होतो. २१ मार्च २०१० ला मत दिलेल्या सदस्याकडे त्या तिमाहीचे दहाच दिवस होते. त्या दहा दिवसांत आलेली वर्गणी एप्रिलमध्ये सगळ्यांना दिसणार होती : स्थानिक पत्रकाराला, पक्षाच्या निवडणूक समितीला, आणि ‘याच्याविरुद्ध उभं राहावं का’ म्हणून विचारात पडलेल्या प्रतिस्पर्ध्यालाही.

याच्या उलट उदाहरण नॉर्थ डकोटाच्या सिनेटर हायडी हाइटकँप यांचं. ट्रंप यांना भरघोस मतं दिलेल्या राज्यात त्यांनी कॅव्हनॉ यांच्याविरुद्ध मत दिलं. देशभरातून पैशांचा पूर आला. ऑक्टोबर २०१८ च्या पहिल्या सतरा दिवसांत सव्वा कोटी डॉलर. साडेसात लाख वस्तीचं राज्य आणि निवडणुकीला काही आठवडे उरलेले. तिथे इतक्या उशिरा इतक्या पैशांनी काय विकत घेणार? त्या जवळपास ११ टक्क्यांनी हरल्या. देणाऱ्यांच्या भावनेबद्दल मला आदरच आहे. पण हाच पैसा मे महिन्यात आला असता, तर निदान कार्यकर्ते नेमता आले असते, दारोदारी जाता आलं असतं.

आणि कॉलिन्सविरोधी निधी? तो मेनच्या विधानसभेच्या सभापती सारा गिडियन यांना मिळाला. त्यांचे वडील भारतातून अमेरिकेत गेलेले. त्यांच्याकडे इतका पैसा आला की निवडणूक संपल्यावर सुमारे दीड कोटी डॉलर शिल्लक राहिले. कॉलिन्स साडेआठ टक्क्यांनी जिंकल्या. त्याच वर्षी मिच मॅकॉनेल यांच्याविरुद्ध एमी मॅग्रा यांना ९ कोटी डॉलरच्या वर निधी मिळाला आणि त्या जवळपास २० टक्क्यांनी पडल्या. रागाचा पैसा सर्वांत तिरस्करणीय वाटणाऱ्या माणसाविरुद्ध जातो. तेव्हा कुठल्या तरी कमी नावाच्या मतदारसंघात जोखमीचं मत दिलेला सदस्य हजार-दोन हजार मतांनी हरत असतो.

गैरसमज : हा सगळा डेमोक्रॅटांचा खेळ

रिपब्लिकनांनी जून २०१९ मध्ये ॲक्टब्लूसारखंच ‘विनरेड’ सुरू केलं, त्यामुळे साधनं आता दोन्हीकडे आहेत. आणि जोखमीची मतंही.

१३ जानेवारी २०२१ ला दहा रिपब्लिकन सदस्यांनी ट्रंप यांच्यावरच्या महाभियोगाच्या बाजूने मत दिलं. चौघे पुन्हा उभेच राहिले नाहीत. चौघे प्राथमिक फेरीत पडले. दोघे टिकले : कॅलिफोर्नियाचे डेव्हिड वालाडाओ आणि वॉशिंग्टन राज्याचे डॅन न्यूहाउस. या दोन्ही राज्यांत सर्व पक्षांच्या उमेदवारांची एकच प्राथमिक फेरी होते, त्याचा त्यांना आधार मिळाला. वायोमिंगच्या लिझ चेनी यांना राज्याबाहेरून कोट्यवधी डॉलर आले आणि त्या ३७ टक्क्यांनी हरल्या. बाहेरचा पैसा स्वतःच्या पक्षाचा मतदार परत आणू शकत नाही, हे तिथे स्वच्छ दिसलं.

मला सर्वांत जास्त टोचतं ते मिशिगनच्या पीटर मायर यांचं. पदावर येऊन दहा दिवस झालेले असताना त्यांनी महाभियोगाला मत दिलं. ऑगस्ट २०२२ मधल्या त्यांच्या प्राथमिक फेरीत डेमोक्रॅटांच्या निवडणूक समितीने सुमारे सव्वाचार लाख डॉलरची जाहिरात चालवली. तिने वरवर टीका करत मायर यांचे ट्रंपवादी प्रतिस्पर्धी जॉन गिब्स यांना रिपब्लिकन मतदारांच्या नजरेत मोठं केलं. मायर थोडक्यात हरले. नोव्हेंबरमध्ये गिब्स यांना हरवून डेमोक्रॅट हिलरी शोल्टन यांनी जागा घेतली, हिशेब जुळला. पण ज्या मताला डेमोक्रॅट देशासाठीचं धाडस म्हणत होते, ते देणाऱ्यालाच त्यांच्या समितीने पाडायला मदत केली. पुढचा रिपब्लिकन यातून काय शिकेल, हे वेगळं सांगायला नको. समितीला दिलेला पैसा समिती ठरवेल तिथे जातो. एखाद्या माणसासाठी द्यायचा असेल तर त्याच्याच नावाने द्यावा.

गैरसमज : अमेरिकेत राहतो, कर भरतो, म्हणजे मी वर्गणी देऊ शकतो

हा गैरसमज मराठी घरांत महागात पडू शकतो. निवडणुकीत पैसे देण्याचा हक्क अमेरिकी नागरिकाला आहे आणि ग्रीन कार्डधारकाला आहे. एच-१बी वर असलेल्याला नाही, विद्यार्थ्याला नाही, मुलीकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-बाबांना नाही, आणि इथे महाराष्ट्रात बसलेल्या आपल्यापैकी कोणालाही नाही. नवऱ्याचं ग्रीन कार्ड आणि पैसे पुण्याच्या सासऱ्यांचे, हेही चालत नाही. दुसऱ्याचा पैसा आपल्या नावावर देणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. महाराष्ट्र मंडळांची नोंदणी बहुधा करमुक्त धर्मादाय संस्था म्हणून असते. अशा मंडळाच्या खात्यातून उमेदवाराला एक डॉलरही जाऊ शकत नाही, गणपतीच्या मंडपातून त्याच्यासाठी आवाहनही करता येत नाही. सभासदांनी आपापल्या खिशातून, आपापल्या नावाने द्यायला हरकत नाही.

छोटी रक्कम गुप्त राहते, हेही अर्धवट खरं. थेट उमेदवाराला दिली तर एकूण २०० डॉलरपर्यंत नाव प्रसिद्ध होत नाही. पण ॲक्टब्लूसारख्या मध्यस्थामार्फत दिली की पाच डॉलरचीही नोंद होते : नाव, गाव, व्यवसाय, तारीख, उमेदवार. संघीय निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ती कोणालाही पाहता येते. मार्च २०१० मध्ये कोणा शिक्षिकेने किंवा निवृत्त पोस्टमनने पेरिएलोंसाठी ॲक्टब्लूमार्फत पाठवलेल्या पंचवीस डॉलरची ओळ तिथे अजून आहे.